शंभर टक्के नकली

तसा मी स्वभावाने संशयी माणूस नाही. पण पगार मात्र संशय घेण्याचाच घेतो. बी.कॉम. झाल्यावर जो बँकेत चिकटलो, त्याला आता बावीस वर्षं होतील. सही जुळते का, नोट खरी आहे का, फोटोतला माणूस आणि समोरचा माणूस एकच आहे का, हे बघण्यात माझी उमेद गेली. काउंटरवर येणारा प्रत्येक जण आपल्याला फसवायला आलेला आहे असं मनाशी धरून मी त्याच्याकडे अतिशय नम्रपणे बघतो. आमच्याकडे याला ग्राहकसेवा म्हणतात.

त्यात राहायला उल्हासनगर, कॅम्प नंबर तीन. हा पत्ता सांगितला की समोरच्याची नजर आधी माझ्या घड्याळाकडे जाते आणि मग चेहऱ्याकडे. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मी आजवर इतक्या लोकांच्या तोंडून ऐकला आहे की एवढ्यांदा तर तो माल सुद्धा विकला गेला नसेल. आणि सांगणारा प्रत्येक जण तो नवा म्हणून सांगतो. माझ्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी माझं डिग्री सर्टिफिकेट खिडकीशी नेऊन उजेडात धरून पाहिलं होतं. वॉटरमार्क शोधत असावेत. मला राग आला नाही. उलट, आमच्या खात्यात घ्यायला हवा होता हा माणूस, असंच वाटलं.

पण गावाची बाजू घ्यायचीच झाली, तर एक सांगतो. १९४७ साली फाळणीनंतर सिंधमधून जे लोक इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडले, त्यांचं असली म्हणून जे काही होतं, घर, दुकान, शेत, गणगोत, ते सगळं सीमेपलीकडे राहिलं होतं. ८ ऑगस्ट १९४९ ला गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. नावात उल्हास आला, पण कॅम्पांचे नंबर काही गेले नाहीत. अशा माणसांनी पापड लाटले, लोणची घातली, पेढे-बर्फ्या वळल्या, गाडीतून फिरून गोळ्या-बिस्किटं विकली आणि एखाद्याने पोटासाठी चार वस्तूंवर दुसऱ्याचं नाव छापलंही असेल. मी त्याचं समर्थन करत नाही. मी बँकेत आहे. मला समर्थन करायची परवानगी नाही.

असो. मुद्दा बर्फीचा आहे.

आमच्या धाकटीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आता नऊ वर्षांची आहे. दोन वर्षांची असताना आषाढी एकादशीला आईने तिला कौतुकाने साबुदाण्याची खिचडी भरवली आणि दहा मिनिटांत पोरीच्या अंगावर ही गांधी उठली. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, शेंगदाणा बंद. बदाम, काजू, पिस्ता यांचा हिला त्रास नाही, पण शेंगदाणा आयुष्यात नको. आता हे एखाद्या इंग्रजाला सांगणं सोपं आहे. मराठी घरात शेंगदाणा बंद म्हणजे बँकेत शिक्का बंद! भेंडी असो, काकडीची कोशिंबीर असो, आमटी असो, दाण्याचं कूट घातल्याशिवाय ती पास होत नाही. आमच्या आईने डबाभर कूट शेजारी देऊन टाकलं, तेव्हा माहेरची साडी देताना रडावं तशी ती रडली होती. पण नातीसाठी तिने ते केलं. तेव्हापासून आमच्या घरी उपास सुद्धा राजगिऱ्यावर भागतात.

गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, आमच्या चाळीखालच्या मिठाईवाल्या दादांकडून दरवर्षीप्रमाणे ताट आलं. दादा म्हणजे सत्तरी गाठलेले सिंधी गृहस्थ. थंडीत माझ्या आईला मजूनची वडी आणि होळीला ताटाएवढा गीहर न चुकता पाठवणारा हा माणूस. त्यांना धाकटीचं दुखणं ठाऊक होतं. ताटातल्या शेव-मिठाईला त्यांनी हात लावू दिला नाही, पिस्ता बर्फीकडे बोट दाखवून म्हणाले, "ये खा बेटा, इसमें मूंगफली नहीं है, सिर्फ पिस्ता."

तिने एकच वडी खाल्ली. वरचे हिरवे काप आधी वेचून खाल्ले आणि मग वडी, कारण मुलांची खायची पद्धत तीच असते. मी आकाशकंदिलाची वायर जोडत होतो. मागून आवाज आला, "बाबा, ओठ जड झालेत." वळून पाहिलं तर ओठ सुजलेले, मानेवर गांधी, आणि आवाज असा घोगरा, की माझी पोर बोलते आहे की दुसरंच कोणी, असं वाटावं. सौ.ने तिला उचललं. मी चपला न घालता रिक्षा थांबवली. शिवाजी चौकातल्या दिवाळीच्या गर्दीतून तो रिक्षावाला कसा निघाला ते त्याचं त्याला माहीत. इस्पितळात तिच्या मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. श्वास मोकळा होईपर्यंतची ती मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळात मोजली. घड्याळ बंद होतं, हे मला नंतर कळलं.

आता तुम्ही ओळखलंच असेल. पिस्ता पिस्ता नव्हता. शेंगदाणे सोलून, हिरव्या रंगात भिजवून, वाळवून काप केले की पिस्त्याच्या कापांसारखे दिसतात. पिस्त्याच्या भावात आणि दाण्याच्या भावात किती अंतर आहे ते वाण्याच्या दुकानात पाटीवर वाचा, म्हणजे यामागचं अर्थशास्त्र वेगळं शिकवावं लागणार नाही. वास यायला बर्फीत इसेन्सचे चार थेंब घातले, की डोळा फसला, नाक फसलं, जिभेने तर हात टेकलेच. फसलं नाही ते फक्त माझ्या पोरीचं रक्त. सही तपासण्यात ते माझ्यापेक्षा वरचढ निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादांच्या दुकानात गेलो. काय काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं. पण दादा आधीच स्टुलावर बसून होते, दिवाळीच्या दिवशी शटर अर्धं ओढून. समोर कापांची ती प्लास्टिकची पिशवी. एक काप त्यांनी पाण्याच्या भांड्यात टाकला होता आणि पाणी हिरवं झालं होतं. ते एवढंच म्हणाले, "साहेब, मैंने तो पिस्ते का पैसा दिया था."

पाठ केलेलं सगळं भाषण माझ्या घशातच राहिलं, कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. शेकडो वेळा. काउंटरच्या पलीकडून.

काही वर्षांपूर्वी एक पापडवाल्या मावशी पाचशेच्या दोन नोटा भरायला आल्या होत्या. एक नोट खोटी. नियम स्पष्ट आहे. खोटी नोट परत द्यायची नाही, तिच्यावर 'काउंटरफीट नोट' असा शिक्का मारायचा, पावती द्यायची आणि नोट जप्त. बदल्यात पैसा मिळत नाही. एका वेळी चारपर्यंत असल्या तर महिन्याच्या अहवालात एकत्र कळवायचं, पाच किंवा जास्त निघाल्या तर पोलिसात तक्रार. मावशी म्हणाल्या, "अरे बाबा, मी पापड खरे दिले होते ना!" मी म्हटलं, "मावशी, नियम आहे." आणि शिक्का मारला. तो किती सरळ उमटला, याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं, हेही कबूल करून टाकतो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक भुंगा शिरला आहे. खोटी वस्तू भाबडेपणाने पुढे देणारा माणूस गुन्हेगार की फसलेला? नोटेच्या बाबतीत सरकारने उत्तर देऊन ठेवलं आहे: ज्याच्या हातात सापडली, तो बुडाला. बर्फीच्या बाबतीत ज्याच्या पोटात सापडली, तो बुडाला. दादांनी घाऊक व्यापाऱ्याकडून घेतलं, त्याने आणखी कुणाकडून. रंगवणारा कुठे आहे ते साखळीतल्या कुणालाच ठाऊक नाही, आणि मधला प्रत्येक जण शपथेवर सांगेल की मी खरा पैसा दिला. सांगेल ते खोटंही नसेल. पण पिशवी फोडून एक काप पाण्यात टाकायला किती वेळ लागतो? दादांना तो वेळ दुसऱ्या दिवशी मिळाला. मी तरी त्या संध्याकाळी कुठे एक काप उजेडात धरून पाहिला होता? दिवसभर सह्या तपासणारा मनुष्य घरी आला की आलेलं ताट तपासत नाही. शेजारच्या ताटाला वॉटरमार्क शोधायचा नसतो, असं आपल्याला वाटतं.

त्यानंतर आमच्या घरात दुसराच प्रकार सुरू झाला. पोरगी मिठाईवाचून हिरमुसली. तेव्हा सौ.ने तोडगा काढला: बाहेरचा दाणा कुठलाच नको. नुसता वास असलेली बर्फी आणायची. बदामाचा इसेन्स घातलेली, पण बदामाचा कण नसलेली. मग मी निघालो शंभर टक्के नकली मिठाईच्या शोधात.

तुम्ही कधी उल्हासनगरात नकली वस्तू मागून पाहिली आहे का? मिळत नाही हो!

"बदाम नसलेली बदाम बर्फी आहे का?" या प्रश्नावर पहिल्या दुकानदाराने मला अन्न व औषध प्रशासनाचा माणूस समजून खुर्ची दिली. दुसरा दुखावला. म्हणाला, "साहेब, तीस साल से दुकान है, अपने यहाँ सब असली." मी म्हटलं, "अहो, असली नकोय, मला खात्रीची नकली हवी." त्याने आतून मुलाला हाक मारली, बहुधा मला आवरायला. तिसऱ्याने डोळा बारीक करून हळूच सांगितलं, "है तो इसेन्सही, लेकिन बोलने का नहीं. ऊपर थोडा काजू मारते हैं." पुन्हा काजूच्या आवरणाखाली काय, हे त्यालाही माहीत नाही. शिवाय कढई तीच, कालथा तोच, सुरी तीच. आधीच्या घाण्यातले दाण्याचे कण पुढच्या घाण्यात येणारच. म्हणजे नकलीत सुद्धा असलीची भेसळ! बावीस वर्षांच्या नोकरीत अशी तक्रार मी ऐकली नव्हती.

आमचे मेहुणे अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात केमिस्ट आहेत. ते रविवारी बदलापूरहून जेवायला आले, तेव्हा मी त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. आई म्हणाली, "हे केमिकल पोरीला द्यायचं म्हणता? त्यापेक्षा निसर्गाचं काय वाईट?" मेहुण्यांनी हातातली पोळी खाली ठेवली. रसायनशास्त्रवाल्यापुढे 'केमिकल' हा शब्द असा उच्चारणं म्हणजे कीर्तनकारापुढे देव आहे का म्हणून विचारण्यासारखं आहे.

त्यांनी जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली, कारण ते सगळं उलटं निघालं. बदामाच्या इसेन्सचा वास म्हणजे बेंझाल्डिहाईड नावाचं एक द्रव्य. ते कडू बदामाच्या तेलात असतं. त्या तेलाची फोड करण्याचं काम १८३२ साली व्होलर आणि लीबिग या दोघा जर्मनांनी केलं. पण कडू बदामात हा वास एकटा येत नाही. ज्या द्रव्यातून वास सुटतो, त्याच द्रव्यातून सायनाइडचं विषही सुटतं. वास आणि विष ही जुळी भावंडं. म्हणून नैसर्गिक तेल खाण्यात वापरायचं तर आधी त्यातलं विष काढावं लागतं. कारखान्यात टोल्युइनपासून बेंझाल्डिहाईड बनवलं, की त्यात हे विष येतच नाही. म्हणजे असली बदामाचं तेल विषारी आणि नकली बिनविषारी! आईने दोन्ही हात जोडले, कुणाला ते कळलं नाही.

"म्हणजे कारखान्यातलं सगळं चांगलं?" मी विचारलं. कॉमर्सच्या माणसाला एक बाजू जमा आणि एक नावे, एवढंच कळतं.

"छे!" मेहुणे म्हणाले. एकोणिसाव्या शतकात बदामाच्या वासाचं आणखी एक स्वस्त द्रव्य निघालं होतं, नायट्रोबेंझीन. बाजारात त्याला 'मिरबेनचं तेल' असं गोंडस नाव होतं. साबणात घातलं, मिठाईतही घातलं. वास तोच, पण ते पोटात गेलं की रक्ताला प्राणवायू वाहता येईना, ओठ निळे पडायचे. तेही कारखान्यातलंच. आणि अगदी अलीकडे, २०१३ साली, युरोपात भाजलेल्या दाण्यासारखा वास देणारं एक द्रव्य मान्य यादीतून काढून टाकलं, कारण ते पेशींतल्या जनुकांना इजा करतं असं तपासात दिसलं. तेव्हा झाडावरचं की कारखान्यातलं, हा प्रश्नच चुकीचा. कुठलं, किती आणि कुणी तपासलं, हे विचारायचं. "तुमच्या बँकेसारखंच आहे," ते म्हणाले, "माणूस चांगल्या घरचा आहे म्हणून तुम्ही सही न बघता पैसे देता का?"

सर्क्युलर वाचणं हा माझा एकुलता एक छंद. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून डबा खाताना मी अन्नसुरक्षेचे नियम वाचू लागलो. भाषा आमच्या हेड ऑफिससारखीच आहे, त्यामुळे घरच्यासारखं वाटलं. पूर्वी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. आता २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, आणि २०११ ची नियमावली. तिने वासांच्या तीन जाती केल्या आहेत. झाडापासून किंवा क्वचित प्राण्यापासून नुसत्या भौतिक क्रियांनी काढलेला तो नैसर्गिक. रासायनिक रीतीने काढलेला किंवा बनवलेला, पण रेणू निसर्गातल्यासारखाच, तो 'नेचर आयडेंटिकल'. आणि खाण्याच्या नैसर्गिक पदार्थांत आढळलेलाच नाही, तो कृत्रिम. कुमारिन, सॅफ्रोल, थुजोन अशी काही नावं चक्क बंदीच्या यादीत आहेत, आणि गंमत म्हणजे ही तिन्ही मुळात वनस्पतींतच सापडलेली!

'नेचर आयडेंटिकल' वर मात्र मी डबा तसाच ठेवून विचार करत बसलो. समजा, कुणी तोच कागद, तीच शाई, तोच वॉटरमार्क वापरून पाचशेची नोट छापली. कणभर फरक नाही. तर आम्ही तिला 'नेचर आयडेंटिकल' म्हणून खात्यात जमा करतो का? तुरुंगात पाठवतो! मग बर्फीत तोच प्रकार चालतो कसा? शेजारच्या काउंटरवरच्या मॅडमनी दोन मिनिटांत निकाल लावला. त्या म्हणाल्या, "अहो, नोटेची किंमत सहीत असते, वासाची किंमत वासातच असते." मला ते पटलं. पण मग मुलांच्या खेळातल्या नोटा आठवल्या. त्यांच्यावर 'चिल्ड्रन बँक' असं स्पष्ट छापलेलं असतं. ती नोट नकली आहे, पण खोटी नाही. इसेन्सची बाटली तशीच आहे. तिच्यावर लिहिलेलं असतं की मी बदाम नाही, बदामाचा वास आहे. ती बाटली कुणाला फसवत नाही. ती बर्फीत पडते, बर्फी ट्रेमध्ये जाते, आणि ट्रेला पाटी लागते 'शुद्ध बदाम बर्फी'. लबाडी बाटलीत नव्हती, पाटीत आली.

आणि नेमकी तिथेच नियमांची शाई पातळ होते. बंद पाकिटावर रंग, वास, आणि २०२० च्या लेबल नियमांपासून शेंगदाण्या-काजूसारख्या ॲलर्जीच्या वस्तू हे सगळं छापावं लागतं. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या खानावळींना मेनूवरही ॲलर्जीची माहिती द्यावी लागते. सुट्या मिठाईच्या ट्रेला ही सक्ती नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ही तारीख मात्र लावायची आहे. म्हणजे बर्फी कधी मरणार ते दुकानात वाचायला मिळतं, तिच्यात कोण आहे ते मिळत नाही. चुकीचं नाव लावून माल विकला तर तीन लाखांपर्यंत दंड आहे खरा, पण तो सापडल्यावर. सापडायला आधी कुणाचे तरी ओठ सुजावे लागतात, हा भाग कलमात लिहिलेला नाही.

दादांचा आणि माझा अबोला नव्हता, पण बोलणंही राहिलं नव्हतं. मी खालून जाताना घाईत असल्यासारखा जायचो, ते वजनकाट्याकडे बघायचे. पोरीच्या वाढदिवसाला, माघात, ते स्वतः तीन जिने चढून वर आले. हातात पुठ्ठ्याचा डबा. दुकानात नाही, घरी, नवी कढई आणि नवा कालथा आणून त्यांच्या घरच्या भाभींनी दूध, साखर आणि दुधाची पावडर एवढ्यावर बर्फी केली होती. दाणा नाही, काप नाही, रंगही नाही. फक्त इसेन्स. पुरावा म्हणून दादांनी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. डब्यावर स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'बदाम बर्फी. इसमें बदाम नहीं है.' खाली सही.

सवयीने माझी नजर सहीवर गेली. बँकेतल्या कार्डावरची आणि ही, तंतोतंत जुळत होती. सौ.ने बाटलीवरचा सगळा मजकूर चष्मा लावून वाचला. दादा मुकाट उभे होते, कर्ज मंजूर होतं की नाही अशा चेहऱ्याने. मग तिने एक कण पोरीच्या जिभेवर ठेवला आणि आम्ही पाचही जण पोरीकडे बघत बसलो. दहा मिनिटं. पंधरा. भिंतीवरचं आमचं घड्याळ चालू होतं, मी आधी पाहून घेतलं होतं.

मग तिने अख्खी वडी घेतली, नाकाशी धरली, खाल्ली आणि कपाळाला आठी घातली.

"बाबा, आई रोज सकाळी भिजवलेले बदाम देते ना, त्यांना तर असा वास कधीच येत नाही."

खरं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदाच आठवून पाहिलं. काय सांगावं ते मला सुचेना, मी मेहुण्यांना फोन लावावा का या विचारात होतो. पण दादा तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले,

"बेटा, फिर तेरे घर का बदामही डुप्लिकेट होगा!"